माणूस गेल्यानंतरची कागदपत्रं : नाशिकमध्ये कुठे, कधी, कोणत्या क्रमानं

घरातलं माणूस गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच कुणीतरी विचारतं, "बँकेचं बघितलं का? सातबाऱ्याचं काय?" विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण घरच्यांचा जीव उगाच टांगणीला लागतो. पुढे दिलेल्या कामांपैकी मोजकीच खरोखर तातडीची आहेत. बहुतेक कामं महिना-दोन महिन्यांनी केली तरी काही बिघडत नाही. एक काम मात्र दुखवट्याच्या घाईत कधीच करू नये. ते म्हणजे वाटणीच्या किंवा हक्कसोडीच्या कागदावर सही. ही सगळी धावपळ पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

पहिला दिवस

मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर मृत्यूचं कारण लिहिलेलं प्रमाणपत्र तिथले डॉक्टर देतात. त्याची एक प्रत जवळच्या नातेवाइकाला विनाशुल्क मिळायला हवी. ती मागून घ्या आणि मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवा, कारण विम्याच्या दाव्यात हाच कागद पुन्हा पुन्हा मागतात. बिल बाकी आहे म्हणून रुग्णालयाला पार्थिव अडवून ठेवता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

मृत्यू घरी झाला असेल तर नेहमीच्या डॉक्टरांना घरी बोलावून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्याशिवाय अमरधाममध्ये (स्मशानभूमीत) नोंद होताना अडचण येते. म्हणून वयस्कर, अंथरुणाला खिळलेलं माणूस घरात असेल तर अशा वेळी येऊ शकणाऱ्या डॉक्टरांचा नंबर आधीच घेऊन ठेवलेला बरा. नेत्रदान करायचं असेल तर नेत्रपेढीला लगेच कळवायला हवं, कारण डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात.

अपघात, सर्पदंश, विजेचा धक्का, बुडणं, आत्महत्या किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर आधी पोलिसांना कळवा. अशा वेळी "शवविच्छेदन नको, देहाची विटंबना नको" असं घरातले म्हणतात. त्यांचं दुःख समजण्यासारखं आहे, पण पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल नसेल तर अपघात विम्याचे पैसे मिळणं फार अवघड होतं. सिव्हिलमध्ये थांबावं लागलं तरी थांबा.

अंत्यसंस्कारासाठी महापालिकेची मोफत अंत्यसंस्कार योजना आहे. अमरधाममधली पावती मात्र खिशात टाकून विसरू नका. मृत्यूनोंदीला तोच पुरावा लागतो. दफन असेल तर दफनभूमीच्या व्यवस्थापनाकडून तसाच लेखी कागद घ्या.

मृत्यूचा दाखला

पुढची सगळी कामं याच कागदावर चालतात, म्हणून इथे जरा वेळ घालवा.

नोंद मृत्यू जिथे झाला तिथे होते. माणूस राहायला कुठे होता याचा संबंध नाही. नाशिकमध्ये यावरून फार हेलपाटे होतात. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, निफाडचे रुग्ण उपचारांसाठी शहरात येतात. इथे मृत्यू झाला तर दाखला महापालिकेचा मिळतो, गावच्या ग्रामपंचायतीचा नाही. उलट नाशिकचा माणूस मुंबईच्या रुग्णालयात गेला तर दाखला मुंबई महापालिकेचा. देवळाली कॅम्पच्या हद्दीतली नोंद छावणी परिषदेकडे असते. शहराच्या हद्दीत महापालिकेची सहा विभागीय कार्यालयं आहेत : नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको आणि सातपूर. ज्या विभागाच्या हद्दीत रुग्णालय किंवा घर येतं, तिथे चौकशी करा.

मुदत २१ दिवसांची आहे. रुग्णालय स्वतःच महापालिकेला कळवतं. घरी मृत्यू झाला असेल तर ती जबाबदारी कुटुंबाची. २१ दिवसांनंतर विलंब शुल्क लागतं, ३० दिवसांनंतर अधिकाऱ्यांची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. वर्षानंतरची नोंद फार जिकिरीची होते. तेवढी वेळ येऊ देऊ नका.

रुग्णालय अर्ज भरून घेतं तेव्हा जो नातेवाईक हाताशी असेल तो नाव सांगतो, आणि घोळ तिथेच होतो. घरात आणि गावात माणूस 'नाना' म्हणून ओळखलं जातं, सातबाऱ्यावर 'नाना पुंजा' आणि आधारवर 'ज्ञानेश्वर पुंजाजी'. नाव आधार कार्डावर आहे तसंच, अक्षर न अक्षर बघून द्या. वडिलांचं किंवा पतीचं नाव, आईचं नाव आणि कायमचा पत्ताही तपासा. दाखला हातात आल्यावर खिडकीपाशीच वाचून काढा. चूक असेल तर लगेच दुरुस्तीचा अर्ज द्या, कारण एकदा तो दाखला बँकेत आणि तलाठ्याकडे गेला की प्रत्येक ठिकाणी 'एकच व्यक्ती असल्याचं' प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. मूळ प्रती आठ-दहा काढून ठेवा.

दहाव्या-तेराव्यापर्यंत काय करायचं

या दिवसांत सगळे नातेवाईक एका घरात असतात. पुण्याची बहीण, मुंबईचा भाऊ, गावचे काका पुन्हा असे एकत्र कधी येतील सांगता येत नाही. म्हणून हे दिवस कागद गोळा करायला वापरा.

प्रत्येक वारसाच्या आधार आणि पॅनची झेरॉक्स आणि दोन फोटो एका फाइलमध्ये ठेवा. लग्न झालेल्या मुलींचं माहेरचं आणि सासरचं नाव जोडणारा कागद, म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद, त्यांना पाठवायला सांगा. वारस नोंदीत सर्वांत जास्त खोळंबा याच कागदामुळे होतो. घरातलं कपाट, पेटी, देवघरामागचा डबा सगळं बघा : पासबुकं, एफडीच्या पावत्या, एलआयसीचे बाँड, खरेदीखत, घरपट्टीच्या पावत्या, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, पेन्शनचा मंजुरी आदेश (पीपीओ), गाडीचं आरसी, लॉकरची किल्ली.

अस्थिविसर्जनाला किंवा दशक्रियेला गंगेवर (म्हणजे गोदावरीवर) जाल तेव्हा रामकुंडावरच्या तुमच्या तीर्थोपाध्यायांची वही जरूर बघा. पिढ्यान्‌पिढ्यांची नावं त्यात असतात. वारस नोंदीसाठी वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करावं लागतं, आणि आजोबांच्या भावंडांची, लहानपणी वारलेल्यांची नावं घरात कुणालाच आठवत नाहीत. वहीमुळे ती सापडतात. नुसती वही कायदेशीर पुरावा म्हणून पुरेलच असं नाही, पण वंशावळ बिनचूक लिहायला तिच्यासारखा आधार नाही.

गेलेल्या माणसाचा मोबाइल नंबर बंद करू नका, रिचार्ज करत राहा. बरीच पत्रं आणि सूचना त्याच नंबरावर येतात, आणि नंबर बंद पडला तर काही काळानं तो दुसऱ्या कुणाला दिला जातो. पण त्या मोबाइलवरून यूपीआयनं पैसे काढू नका, एटीएमही वापरू नका. "बाबांचेच तर पैसे, दवाखान्याचं बिल तर त्यांचंच" हे खरं असलं तरी मृत्यूनंतर खात्यावर सगळ्या वारसांचा हक्क असतो, आणि पुढे भावाभावांत बिनसलं की ती एक एंट्री कोर्टात दाखवली जाते. मृत्यूनंतर खात्यात आलेली पेन्शनही परत करावी लागते.

हक्कसोडपत्र : इथे थांबा

तेराव्याच्या दिवशी, सगळे जमलेले असताना, घरातलं कुणीतरी जाणतं माणूस म्हणतं, "ताई, तुम्ही आता हक्कसोड करून टाका, म्हणजे भावाला पुढचं सोपं जाईल." बहीण रडून थकलेली असते, नाही म्हणायचं बळ नसतं, माहेर तुटेल ही भीती असते. ती सही करते. ही रीत मला मनापासून चुकीची वाटते. हक्क सोडायचा की नाही हा तिचा निर्णय आहे, आणि तो तिनं शांत डोक्यानं, काय सोडतोय हे माहीत असताना घ्यायला हवा.

कायदा काय सांगतो ते आधी बघू. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई हे पहिल्या वर्गाचे वारस असतात. प्रत्येकाला एक-एक समान हिस्सा. आजी हयात असेल तर तीही वारस आहे, हे अनेक घरांत विसरलं जातं. आधीच वारलेल्या मुलाची बायको आणि मुलंही वारस आहेत. स्त्री वारली तर तिची मुलं, मुली आणि पती आधी येतात. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क २००५ च्या दुरुस्तीनं दिला, आणि २००५ मध्ये वडील हयात नसले तरी तो हक्क मिळतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. मुस्लीम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांत हिश्श्यांचे नियम वेगळे आहेत. कार्यालयं आणि कागद मात्र जवळपास हेच.

हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावं लागतं. म्हणजे दुय्यम निबंधकांकडे सगळ्यांनी जाऊन, सही-अंगठा देऊन ते करायचं असतं. साध्या किंवा नोटरी केलेल्या कागदावर जमिनीचा हक्क सुटत नाही. वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क जवळच्या नात्यात विनामोबदला सोडला तर मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, ५०० रुपये. म्हणजे सहा महिने थांबलात म्हणून काही महाग होत नाही. "आत्ताच नाही केलं तर लाखात जाईल" असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

आणि बहिणीला हक्क सोडायचा असेल तर कुणाच्या नावे सोडतेय हेही तिनं बघावं. भावाच्या ऐवजी आईच्या नावे सोडता येतो. आई हयात असताना घर एकट्या मुलाच्या नावावर झालं आणि नंतर आईलाच घर शोधायची वेळ आली, हे पुष्कळ घरांत घडलेलं आहे.

वारसांत अल्पवयीन मूल असेल तर त्याच्या हिश्श्याची विक्री किंवा सोडणूक न्यायालयाच्या परवानगीशिवाय करता येत नाही. वारस म्हणून कुणाचंही नाव वगळू नका, पहिल्या लग्नाची मुलं असतील तरीही नाही. खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे आणि असा फेरफार (जमिनीच्या दप्तरातली नावबदलाची नोंद) नंतर रद्द होतो.

मुदत असलेले पैसे

गेलेल्या माणसाचं पासबुक घ्या आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातल्या नोंदी वाचा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा आहे : मृत्यू कोणत्याही कारणानं झाला असला तरी दोन लाख. २० रुपये कापलेले दिसले तर सुरक्षा विमा आहे : अपघाती मृत्यूला दोन लाख. दावा त्याच बँकेच्या शाखेत द्यायचा, शक्यतो ३० दिवसांत. माणसानं खातं उघडताना फॉर्मवर सही केलेली असते, घरात कुणाला माहीत नसतं, आणि पैसे तसेच राहतात.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली माणसं : पीएफ कापला जात असेल तर पीएफच्या रकमेबरोबर ईडीएलआय विमा मिळतो, सात लाखांपर्यंत. यासाठी कामगाराच्या पगारातून काही कापलेलं नसतं, म्हणून कुटुंबाला पत्ताही नसतो. पत्नीला आणि मुलांना पेन्शन वेगळी. ग्रॅच्युइटीसाठी एरवी पाच वर्षांची अट असते, ती मृत्यूच्या बाबतीत लागू नाही. ईएसआयसी (कामगार राज्य विमा) असेल तर अंत्यविधीसाठी १५,००० रुपयांपर्यंत मिळतात. यातले बहुतेक अर्ज कंपनीच्या एचआरकडून पुढे जातात. कंपनी बंद पडली असेल तर थेट पीएफ कार्यालयात जा.

शेतकरी कुटुंबात अपघाती मृत्यू झाला असेल (वीज पडणं, सर्पदंश, विहिरीत पडणं, रस्ता अपघात हे त्यात येतं) तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून दोन लाख मिळतात. खातेदाराबरोबर कुटुंबातल्या आणखी एका सदस्यालाही ही योजना लागू आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातला कर्ता माणूस ५९ किंवा त्याहून कमी वयात गेला तर तहसीलमधून २०,००० रुपयांचं कुटुंब अर्थसाहाय्य मिळतं. त्याच भेटीत विधवा पत्नीसाठी संजय गांधी निराधार योजनेचीही चौकशी करा.

मुंबई-आग्रा महामार्गावर किंवा कुठेही वाहनाच्या धडकेत मृत्यू झाला असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करा. धडक देऊन वाहन पळून गेलं असेल तरी दोन लाखांची भरपाई योजना आहे.

एलआयसीचा दावा पॉलिसी ज्या शाखेची आहे तिथे. पॉलिसी घेऊन तीन वर्षं झाली नसतील तर चौकशी होते, दवाखान्याचे सगळे कागद मागतात. त्यानं घाबरून जाऊ नका.

बँक

खात्याला नॉमिनी असेल किंवा संयुक्त खातं 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' या पद्धतीचं असेल तर काम सोपं आहे : दावा अर्ज, मृत्यूचा दाखला, ओळखपत्र. अशा वेळी बँकेनं कोर्टाचा वारस दाखला मागायचा नाही, असं रिझर्व्ह बँक स्पष्ट सांगते. कागद पूर्ण दिल्यावर १५ दिवसांत निकाल लावायचा असतो. अर्ज देताना पोहोच घ्या, तारखेसह शिक्का मारून.

नॉमिनी नसेल तर रक्कम बघतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत कोर्टात न जाता, हमीपत्र आणि बाकी वारसांच्या ना-हरकतीवर पैसे मिळू शकतात. नाशिकमध्ये घराघरांत सहकारी बँकेत ठेवी असतात, म्हणून हा फरक लक्षात ठेवा. पतसंस्थांचे नियम यात येत नाहीत, तिथे त्यांच्या उपविधींप्रमाणे चालतं.

नॉमिनी हा मालक नसतो, हे मात्र घरात सगळ्यांना सांगा. बँकेनं पैसे कुणाच्या हाती द्यायचे एवढंच नॉमिनेशन ठरवतं. ते पैसे वारसांचेच राहतात. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. आयुर्विम्यात पती-पत्नी, आई-वडील किंवा मुलं नॉमिनी असतील तर २०१५ पासून कायद्यात वेगळी तरतूद आहे, तेव्हा विम्याच्या रकमेवरून वाद असेल तर वकिलांना विचारा.

कर्ज होतं? वसुलीवाले फोन करून पत्नीला किंवा मुलाला "तुम्ही भरा" म्हणतात. तुम्ही जामीनदार किंवा सहकर्जदार नसाल तर मृताच्या मिळकतीतून जेवढं तुमच्याकडे आलं तेवढ्यापुरतीच देणी तुमच्यावर येतात. गृहकर्जाबरोबर बँकेनं विमा काढला होता का, हे कर्जाच्या कागदात बघा. पुष्कळदा असतो.

कोर्टाचा कागद केव्हा लागतो

दोन वेगळे दाखले आहेत. ठेवी, शेअर्स, येणी अशा जंगम मालमत्तेसाठी १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचं उत्तराधिकार प्रमाणपत्र. घर-जमिनीसाठी १८२७ च्या मुंबई विनियमाखालचा वारस दाखला. दोन्ही दिवाणी न्यायालयातून मिळतात. अर्ज, जाहीर नोटीस, हरकती, मग साक्ष असा क्रम असतो, त्यामुळे काही महिने धरून चाला. वकील ठरवण्याआधी यादी करा : कोणत्या कार्यालयानं खरंच लेखी स्वरूपात हा दाखला मागितला आहे? शेतजमिनीच्या वारस नोंदीला सहसा तो लागत नाही, आणि विनाकारण कोर्टात गेलेली कुटुंबं कमी नाहीत.

मृत्युपत्र सापडलं तर ते नोंदणीकृत नसलं तरी ग्राह्य असतं. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नाशिकच्या मिळकतीसाठी प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं शिक्कामोर्तब) सक्तीचा नाही. मूळ प्रत कुणाच्याही हाती देऊ नका, आधी स्कॅन करा.

वकिलाची फी परवडत नसेल तर सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. स्त्रियांना, मग त्यांचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. हा हक्क फार कमी जणींना माहीत असतो.

जमीन आणि घर

सातबारा : वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत द्यावा, असं महसूल संहिता सांगते. तो ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर किंवा तलाठ्याकडे (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय) देता येतो. मृत्यूचा दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि वारसांची ओळखपत्रं जोडायची. आधी वारस नोंदवहीत नावं चढतात, मग फेरफार, नोटिशीचे १५ दिवस, आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. मंजूर झाल्यावर सातबारा पुन्हा काढून बघा, नावं आणि क्षेत्र तपासा. सगळ्या वारसांची नावं आधी लावून घ्या. वाटणी किंवा हक्कसोड नंतर. आजोबा-पणजोबांची नावं अजून उताऱ्यावर असतील तर २०२५ मध्ये सरकारनं जिवंत सातबारा मोहीम काढली होती ती अशाच उताऱ्यांसाठी. तुमच्या गावात ते काम राहिलं असेल तर दोन्ही पिढ्यांचे अर्ज एकत्र द्या.

जुनं नाशिक, पंचवटीतल्या वाड्यांना प्रॉपर्टी कार्ड असतं. ते काम नगर भूमापन कार्यालयात. महापालिकेत घरपट्टीवर नाव लावणं सोपं असतं, म्हणून लोक तेवढ्यावर थांबतात. घरपट्टीच्या पावतीनं मालकी सिद्ध होत नाही.

फ्लॅटच्या बाबतीत आधी सोसायटी आहे की अपार्टमेंट हे बघा. गृहनिर्माण संस्था असेल तर नॉमिनीला तात्पुरता सभासद करतात, आणि कायम सभासदत्व वारस दाखला, मृत्युपत्र किंवा वारसांनी मिळून केलेल्या कौटुंबिक व्यवस्थेच्या कागदावरून मिळतं. अपार्टमेंट असेल तर शेअर सर्टिफिकेट नसतंच, मालकी ही इमारतीचं घोषणापत्र आणि फ्लॅटचा दस्त (डीड) यांवर चालते. तिथे नुसत्या नॉमिनेशनवर भागत नाही.

उरलेली कामं

गाडीचं मात्र लांबवू नका. पेठ रोडच्या आरटीओला ३० दिवसांत कळवून तीन महिन्यांत गाडी वारसाच्या नावे करण्याचा अर्ज द्यायचा असतो. विमाही नव्या नावावर करा. अपघात झाला आणि पॉलिसी मयताच्या नावावर असली तर कंपनी वाद घालते.

सरकारी, प्रेस (नाशिकरोडची नोटांची प्रेस), एचएएल (ओझरचा विमान कारखाना) किंवा लष्करी पेन्शन असेल तर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी पीपीओची प्रत आणि मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत आणि संबंधित कार्यालयात जा. माजी सैनिकांच्या पत्नींना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करतं.

मृताचं त्या वर्षाचं उत्पन्न करपात्र असेल तर वारसानं आयकर पोर्टलवर प्रतिनिधी म्हणून नोंद करून विवरणपत्र भरायचं. परतावा येणं असेल तर तो आल्याशिवाय पॅन रद्द करू नका आणि खातंही बंद करू नका. आधारची नोंद मायआधार पोर्टलवर 'कुटुंबातील मृत्यू' या सोयीतून करता येते. मतदार यादीसाठी सात नंबरचा अर्ज. रेशनकार्ड, गॅस आणि महावितरणचं मीटर सवडीनं करा.

वर्षभरात कधीतरी रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर त्यांचं नाव, पॅन आणि जन्मतारीख टाकून बघा. दहा वर्षं न वापरलेल्या खात्यांतली रक्कम तिथे शोधता येते. लग्नाआधीच्या नोकरीतलं खातं, बदलीच्या गावातली एफडी अशा गोष्टी निघतात. सापडलं तर पोर्टलवर दिसणारा संदर्भ क्रमांक उतरवून त्या बँकेच्या नाशिकमधल्या कोणत्याही शाखेत नेऊन द्या आणि अर्जाची पोहोच घ्या.